काच आतून कोण पुसतं

तीर्थस्वरूप वन्संना,

वाकून नमस्कार. (माझी कंबर सध्या जितकी वाकते तितकाच, बाकीचा भेटीत पुरा करीन.) तुमच्या दाढेचं काय झालं? काढली, की अजून डॉक्टरांशी वाद चालू आहे? भाऊजींची सकाळी फिरायला जायची सवय टिकली, की इथून गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मोडली? सूनबाई आता आमटीत मीठ घालते ना? सगळं सविस्तर कळवा. इकडे आम्ही दोघं सुखरूप आहोत. हे वाक्य तुम्ही नुसती पद्धत म्हणून वाचून पुढे जाल, पण मला ते लिहिताना फार बरं वाटलं. का, ते पुढे येईलच.

मागच्या खेपेला तुम्ही निघताना आमच्या कपाटाच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलंत, बोटाकडे पाहिलंत आणि काही न बोलता रुमालाला पुसलंत. बोलला असतात तर मीही दोन शब्द बोलले असते आणि विषय तिथेच मिटला असता. पण तुम्ही बोलला नाहीत (तुमचा हा गुण सगळ्यांनाच माहीत आहे), आणि ते बोट सबंध हिवाळाभर माझ्या डोळ्यांपुढून हलेना. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, की थंडी सरली रे सरली की घर आणि मागची बाग अशी लखलखीत काढायची, की वन्संनी बोट फिरवावं आणि बोटच उजळून निघावं.

आता आमचं घर काढायचं म्हणजे मधे तुमचे बंधू येतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून हे लोकांचे जुने रेडिओ दुरुस्तीला घेतात. (घेतात, एवढंच म्हणतेय. परत देतात असं मी म्हटलेलं नाही.) साखरेच्या डब्यात स्क्रू, पडद्याच्या चुण्यांत तारा, बशीत वितळवून थिजलेलं कथील. एकदा उशीखाली रेडिओचा पिळायचा कान सापडला, तो मी काढून ठेवायला गेले तर झोपेतच म्हणाले, "अगं ए, तिथेच राहू दे, हरवेल." आराम खुर्चीत यांच्या बसण्याने असा खड्डा पडलेला आहे की पाहुणा त्यात बसला तर त्याला हात देऊन वर काढावं लागतं. हे तुम्हाला नवं नाही. लहानपणी तुम्हीच यांच्या मागे आवरत फिरायचात म्हणे. पण पुढचं समजायला हे आधी सांगणं भाग आहे.

तर पहिल्या दिवशी मी खिडक्या घेतल्या. गाद्या उन्हात टाकायच्या म्हणून सगळ्या गोळा करून वरच्या मागच्या खोलीच्या दाराशी रचून ठेवल्या, आणि शिडी लावून त्याच खोलीची खिडकी बाहेरून पुसायला चढले. शिडी धरायला हे होते. म्हणजे सुरुवातीला होते. मग "आलोच" म्हणाले. तुमच्या घराण्यात या शब्दाचा अर्थ काय होतो ते तुम्ही जाणताच. मी आपली एका हाताने गज धरून दुसऱ्या हाताने काचेला साबण फासत होते. फेसामुळे पलीकडचं धड काही दिसत नव्हतं. तेवढ्यात दिसलं, की आतल्या बाजूनेही फडकं फिरतंय. गोल गोल, सावकाश, बरोबर माझ्या फडक्याच्या मागोमाग. वन्सं, खोटं कशाला सांगू, माझा ऊर भरून आला. मला वाटलं, इतक्या वर्षांनी यांना लाज वाटली. कोपऱ्यात एक माशीचा डाग राहिला होता, तो आतल्या बाजूला होता, म्हणून मी काचेवर बोट टेकवून दाखवला. फडकं लगेच तिथे आलं. डाग निघेपर्यंत घासलं. शेवटी आमची दोन्ही फडकी काचेच्या मधोमध येऊन एकमेकांसमोर थांबली. मी कौतुकाने टिचकी मारायला बोट उचललं, तर टिचकी आतून वाजली. मी मारायच्या आधी.

चहाच्या वेळी मी यांची तोंड भरून स्तुती केली. हे जरा गोंधळले, मग कपात बघत म्हणाले, "त्यात काय एवढं." आणि दुसरं बिस्किट घेतलं. (वन्सं, हे शब्द लक्षात असू द्यात. मी आयुष्यभर असू देणार आहे.) दुसऱ्या दिवशी गाद्या हलवायला गेले तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की त्या खोलीला एकच दार, आणि त्या दाराला छातीएवढ्या उंच गाद्या मीच लावून ठेवल्या होत्या. एकही हललेली नव्हती. खाली येऊन यांना धरलं, तेव्हा कबूल झाले, की शिडी सोडून गेले ते सरळ पलंगावर आडवे झाले होते. "तू इतकी खूश होतीस, मोडवेना," म्हणाले. मी परत वर जाऊन पाहिलं. खिडकीची काच तर अशी निघाली होती, की आहे की नाही तेच कळत नव्हतं.

त्यानंतर बागेचं. मागच्या वाफ्यांत हिवाळ्यात रान माजलं होतं. मी खुरपं घेऊन गुलाबाच्या अलीकडचा वाफा निम्मा काढला, पाठ धरली म्हणून निम्मा तसाच सोडून आत आले. सकाळी बघते तर उरलेला निम्मा झालेला. तणाची माती झटकून, मुळं एका बाजूला आणि शेंडे एका बाजूला करून जुड्या लावून ठेवलेल्या. गुलाब छाटलेले, आणि छाट इतके सफाईचे की बघत राहावं. शेजारच्या शिंपीणबाई भिंतीपलीकडून बघत होत्या. त्या दिवसभर शिवणाच्या मशीनवर मान घालून बसतात, तरी गल्लीत कोणाकडे काय चाललंय ते त्यांना आपल्याआधी कळतं. म्हणाल्या,

"बाई कुठून मिळवलीत हो? हात चांगला आहे तिचा."

"कुठली बाई?"

"आत्ता उजाडताना होती की. पाठमोरी होती. मला आधी वाटलं तुम्हीच. म्हटलं, एवढ्या गारठ्यात ह्या अनवाणी कशा! हाक मारणार, तोवर तुमचं पुढचं दार वाजलं, आणि तुम्ही दुधाची पिशवी घ्यायला बाहेर आलात." मग म्हणाल्या, "बहीण का तुमची?"

मला बहीण नाही हे तुम्ही जाणता. लग्न ठरवताना तुम्हीच विचारलं होतंत.

इथे मी घाबरून पळत सुटले असं लिहिलं तर तुम्हाला माझ्याबद्दल जरा बरं वाटेल. पण तसं झालं नाही. स्वयंपाकघरात जाऊन मी दोनदा कडी लावून पाहिली. पण त्याच वेळी डोक्यात हाही विचार चालू होता, की पडदे अजून उतरवायचेत, गालिचे झोडपायचेत, आणि हिला कोपऱ्यापासून सुरुवात करायची समज आहे. (तुमच्या कामवालीला ती आहे का? आमच्या आधीच्या तिघींना नव्हती.) मी संध्याकाळी ओट्यावर दोन स्वच्छ फडकी ठेवली आणि भिंतीकडे बघून, सहज बोलावं तसं म्हटलं, "उद्या पडदे आणि जाळ्या." सकाळी पडदे धुऊन, वाळवून, इस्त्री करून चढवलेले. तारा काढून टाकलेल्या. मी एवढंच बघितलं, की पडद्यांची किनार सरळ आहे. तारांचं काय झालं हे मी विचारलं नाही.

मग हळूहळू हे कुरकुरायला लागले. कथिलाची बशी दिसत नाही. तपकिरी चपला दिसत नाहीत. अर्धा उघडून ठेवलेला रेडिओ गेला, मग त्याचं काढून ठेवलेलं झाकणही गेलं. मी म्हटलं, घरात आवराआवर चाललीय, जरा दम धरा. एकदा हे खुर्चीत बसले आणि तसेच उठले. "हिच्यातला माझा खड्डा कुठे गेला?" खरंच, खुर्ची दुकानात असावी तशी फुगीर झाली होती. मी हसले. यांचा तो जुना पंचा, त्याला यांच्या डोक्याच्या तेलाचा वास होता, तो पांढराफेक होऊन दोरीवर लटकत होता आणि त्याला कसलाही वास नव्हता. मी तोही हुंगून पाहिला आणि, वन्सं, मला आनंद झाला. तेवढं मात्र आता आठवलं की मी उठून यांना बघून येते.

डोळे उघडले ते फोटोने. बैठकीतला आमच्या दोघांचा फोटो तुम्हाला माहीत आहे, लग्नानंतर स्टुडिओत जाऊन काढलेला, ज्यात मी उभी आहे आणि हे स्टुलावर बसलेत. तो पुसायला काढला तर काच आधीच झळकत होती. फोटोत मी उभी होते. माझा हात एका बाजूला, खांद्याएवढ्या उंचीवर, हवेत टेकलेला होता. खाली स्टूल होतं. स्टुलावर काही नव्हतं. फोटो फिकटला असेल म्हणावं, तर मागच्या पडद्याची घडीन् घडी स्पष्ट.

माझ्या हातून फडकं सुटलंच नाही, ही आमची सवय बघा. तसंच फडकं धरून मी वळले, तर समोर भिंतीवरचा मोठा आरसा. त्यात मी दिसत होते आणि आरसा पुसत होते. इकडे माझा हात खाली लोंबत होता. तिकडे तिचा हात गोल गोल, सावकाश चालला होता. तोंड माझंच. पण केसांत एक बट सैल नाही, कपड्यावर शिंतोडा नाही, नखं स्वच्छ. (माझ्या नखांत तेव्हा वाफ्यातली माती होती.) तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओळखीचं, थोडंसं थकलेलं हसली; दोन बायका काम करताना एकमेकींकडे बघून हसतात तसं. मग तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. मागे खुर्चीत हे दुपारची झोप काढत होते, तोंड उघडं, बनियनवर चहाचा डाग. ती त्यांच्याकडे बघत राहिली. इतका वेळ घासूनही न निघालेल्या डागाकडे आपण शेवटी कसं बघतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.

मी गर्रकन वळले. खुर्ची रिकामी होती आणि उशी झटकून नीट ठेवली होती.

घरभर हाका मारल्या. पलंगाखाली, न्हाणीघरात, जिन्याखाली. प्रत्येक खोली इतकी आवरलेली, की हाक भिंतीवर आपटून परत येत होती. मागच्या दारी धावले. शिंपीणबाई भिंतीशी वाळवण काढत होत्या. मी ओरडले, "हे इकडे आलेले दिसले का हो?"

"हे कोण?"

"अहो, आमचे हे!"

शिंपीणबाईंनी तोंडातली टाचणी काढून हातात घेतली आणि अगदी आपुलकीने म्हणाल्या, "तुम्ही आत जाऊन जरा पडा बघू. उन्हाचं एवढं राबायचं नाही. तुमच्या घरात तुम्ही दोघीच तर असता."

वन्सं, या बाईने यांच्या विजारी शिवल्यात. यांच्या कंबरेचं माप तिला तोंडपाठ होतं.

माझी नजर गेली ती बागेच्या टोकाच्या अवजारांच्या खोपटाकडे. त्याचं दार मी कधी नीट लावत नाही. आज ते नीट लावलेलं होतं. उघडलं. खोपटही आवरलेलं. फावडी उंचीप्रमाणे, कुंड्या एकात एक, आणि कुंड्यांच्या शेजारी, पालथ्या घातलेल्या मोठ्या कुंडीवर, गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून तुमचे बंधू बसलेले. आंघोळ झालेली. भांग पाडलेला. बनियन कोरं. यांचा चेहरा असा नितळ कधी नव्हता. बघता बघता कळलं, की डाव्या गालावरचा तीळ नाही. तो नव्हताच असं वाटावं, अशी साफ कातडी.

मला बघून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आपण आलात. माझी काही अडचण तर होत नाही ना?"

लग्न झाल्यापासून यांनी मला 'अगं ए' याखेरीज हाक मारलेली नाही. मी अनेकदा भांडले त्यावरून. आता ते 'आपण' ऐकलं आणि मला रडूच फुटलं. हात धरून ओढत घराकडे नेलं, तर मुकाट आले. दाराशी थांबले. आणि वन्सं, तुमच्या भावाने, तुमच्या सख्ख्या भावाने, पायपुसण्याला पाय पुसले. दोन्ही. मी त्या क्षणी जेवढी घाबरले तेवढी आरशासमोरही घाबरले नव्हते.

वर पाहिलं तर घराच्या सगळ्या काचा उन्हात लखलखत होत्या, आणि प्रत्येकीत ती उभी होती. वरच्या खोलीत, बैठकीत, स्वयंपाकघरात. हातात फडकं. रागावलेली नव्हती. वाट बघत होती, आम्ही वाटेतून बाजूला होण्याची.

मग मी काय केलं ते तुम्ही शांतपणे वाचा. गुलाबांना घालायला शेणखत आणून पाण्यात कालवून ठेवलं होतं, ती घमेली उचलली आणि पहिलं घमेलं बैठकीच्या खिडकीवर फेकलं. मग स्वयंपाकघराच्या. मग वरच्या, जिथवर हात पोचला तिथवर. प्रत्येक काचेवर खत बसलं की तिच्यातली ती नाहीशी व्हायची, आणि शेजारच्या काचेतून माझ्याकडे बघायची, दुखावल्यासारखी. मी आत गेले. इस्त्रीच्या पडद्यांना हात पुसले. गालिच्यावर ओल्या मातीची पाटी उलटी केली. आरशाला तर दोन्ही पंजांनी लिंपलं, अगदी कोपऱ्यापासून. तेव्हा पलीकडून दोन तळवे माझ्या तळव्यांना येऊन टेकले, थंडगार, आणि माती सगळीकडे बसेपर्यंत तसेच राहिले. रडत होते मी. एवढी मेहनत केलेलं घर, वन्सं! शेवटी यांच्याकडे वळले. हे दारात अदबीने उभे. एक मूठभर चिखल घेतला आणि यांच्या कोऱ्या बनियनवर, मग तोंडावर, मग त्या पाडलेल्या भांगात चोळला.

हे थोडा वेळ डोळे मिचकावत राहिले. मग घर हादरेल अशी शिंक दिली.

"अगं ए! डोकं फिरलं का तुझं?"

मी तशीच चिखलात फतकल मारून बसले आणि म्हटलं, "फिरलं. बसा इथे." हे बसले. मग यांनी माझ्या हातावरचा चिखल आपल्या बोटाने जरासा बाजूला केला, आणि मी ओरडल्यावर परत लावला. नंतर विचारलं, "माझी कथिलाची बशी कुठाय?"

ती वाफ्यात सापडली. सगळंच वाफ्यात सापडलं. चपला, तारा, उघडे रेडिओ, सगळं उंचीप्रमाणे, सारख्या अंतरावर, मुळाशी माती दाबून आणि पाणी घालून लावलेलं. हे खुरपं घेऊन खणत बसले आणि एकेक वस्तू निघाली की लहान मुलासारखे ओरडत होते. भिंतीवरून शिंपीणबाईंनी डोकं काढलं आणि म्हणाल्या, "काय हो, बरेच दिवस दिसला नाहीत? विजार सैल करून पाहिजे होती ना?" यांनी हो म्हटलं. मी घरात जाऊन तोंडावर ओट्यावरचं फडकं दाबून हसले की रडले, आता सांगता यायचं नाही.

तेव्हापासून घर असं आहे. काचा लिंपलेल्या, त्यामुळे दिवसाही दिवा लागतो. आरसा भिंतीकडे तोंड करून. मी वेणी अंदाजाने घालते. खुर्चीत खड्डा परत पडू लागलाय. तीळ मात्र आलेला नाही. घरच्या फोटोत स्टूल अजून रिकामंच आहे, आणि हे रोज जाताना त्याच्याकडे बघतात आणि डावा गाल चाचपतात. म्हणून सांगते, की कुणाकडून आमच्या घराबद्दल काही ऐकलंत तर भावजय आळशी झाली असं समजू नका. भाऊजींना नमस्कार, सूनबाईला आशीर्वाद, आणि दाढेचं नक्की कळवा.

तुमची,
हात न धुता लिहिणारी
भावजय

ता. क. तुमच्या बंधूंना शनिवारच्या गाडीने तुमच्याकडे पाठवत आहे. चांगले पंधरा दिवस ठेवून घ्या. त्यांच्याबरोबर रेडिओ असतील, ते घरभर पसरू द्यात. अंगातला सदरा धुऊ नका, आणि वन्सं, कृपा करून त्यांच्या मागे आवरत फिरू नका.

ता. क. तुमच्याकडे यांचा लहानपणीचा फोटो असेल, ज्यात तीळ दिसतो. तो यांच्या हाती द्या. चौकटीतून काढून, काचेशिवाय.

ता. क. पंधरा दिवसांच्या आत यांना परत धाडू नका, मग ते कितीही म्हणोत. घर असं फार दिवस बघवत नाही हो. वरच्या खोल्या, सगळ्या काचा, मागचे वाफे, शिवाय माळा तर अजून उघडलेलाच नाही. हे पायात नसले, तर आम्ही दोघी मिळून आठवड्यात उरकू.